मास्तरांचं चालायचं मशीन

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "भात किती खाता?"

मुरबाड तालुक्यात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. भात किती पिकला ते विचारतात. खाल्ला किती हे माणसाकडे बघून कळतंच. चंदरमास्तरांनी उत्तरासाठी बायकोकडे पाहिलं.

"दोन्ही येळा खातात," सकुबाई म्हणाल्या. "आणि सकाळी रात्रीचा उरला तर फोडणीचा."

"उरतो का?"

"उरेल एवढा टाकते मी."

डॉक्टर वयाने लहान होते, आणि दया त्यांना अजून शिकवलेली नव्हती. ते म्हणाले, "साखर वाढलीय. रोज पाऊण तास चालायचं. दोन महिन्यांनी जेवणानंतरची साखर पुन्हा तपासू. उतरली तर ठीक. नाही उतरली तर भात कायमचा बंद. नाचणीची भाकरी खायची."

घरच्या शेतातल्या बारीक झिनी भाताची कणगी मास्तरांच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिच्याशेजारी नाचणीची भाकरी घेऊन बसलेले आपण दिसलो. त्यांना खरोखर वाईट वाटलं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि चंदरमास्तरांची उभी हयात मुरबाड-टोकावडे रस्त्यावर शब्दशः उभ्यानेच गेली होती. रिटायर झाले तरी एसटी अंगातून गेली नव्हती. अंतर ते एसटीच्या टप्प्यात मोजत, सहा किलोमीटरचा एक. गाव मुरबाडपासून एका टप्प्यावर, सासुरवाडी दोन टप्प्यांवर. एसटीबद्दल वाकडा शब्द ते ऐकून घेत नसत. कुणी म्हणालं, "आज गाडी थांबलीच नाय," तर मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे, "तुमी थांब्यावर उभे नसाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचे, संदेशचे, कॅनव्हासचे बूट घालून मास्तर टोकावड्याच्या दिशेने चालायला निघाले. गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत पोहोचले असतील नसतील, मागून एसटी आली आणि शेजारी येऊन थांबली. ड्रायव्हर देवराम खिडकीतून डोकावला.

"जयभीम मास्तर. चढा."

"जयभीम. तू जा रे, मी चालतोय."

"ते दिसतंय ना. आमी असताना तुमी चालणार? चढा."

"अरे, डॉक्टरनं सांगितलाय चालायला."

"तो काय एसटीचा डॉक्टर हाय? चढा मास्तर, गाडी लेट होतेय."

हे शेवटचं वाक्य देवरामने सहज टाकलं, पण ते बरोबर वर्मी लागलं. आपल्यापायी गाडी लेट व्हावी ही कल्पना मास्तरांना साखरेपेक्षा भयंकर वाटत होती. ते मुकाट्याने चढले. टोकावड्याला उतरून परत चालत यावं म्हटलं, तर तिकडून येणारी गाडीही त्यांना बघून थांबली. त्या आठवड्यात मास्तर फारसे चालले नाहीत, पण माळशेज घाट दोनदा बघून आले.

गावात वेगळीच कुजबुज सुरू झाली. मास्तर रोज सकाळी चहाच्या आधी घराबाहेर पडतात आणि एसटीत बसून लांब जातात, म्हणजे सुनेने काहीतरी केलंय. सून अनिता बिचारी गरीब गाय. तिने रडून संदेशला सांगितलं, "बाबांना रस्त्यावर जाऊ देऊ नका. बायका मला विहिरीवर विचारतात, सासऱ्याला चहा देत नाय का म्हणून."

मग मास्तरांनी रस्ता सोडला आणि शेताचा बांध धरला. बांधावर एसटी येत नाही हा त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. पण बांधावर नथू होता. शेजारच्या शेताचा मालक. पहिल्या दिवशी नथूने नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मास्तर, काय हरवलाय का?" तिसऱ्या दिवशी तो हद्दीच्या दगडावरच बसून होता.

"मोजणी आणता काय मास्तर?"

"नाय रे बाबा. चालतोय नुसता."

"नुसता कोण चालतो बांधावरून? माणूस गुराच्या मागं चालतो, नायतर मोजणीला चालतो."

मास्तरांनी साखर समजावून सांगितली. नथूने शांतपणे ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मागोमाग तोही चालू लागला, मास्तरांचं पाऊल आपल्या हद्दीत पडतं की काय ते बघत. त्याची तब्येत आधीच ठणठणीत होती, ती आणखी सुधारली. मास्तर मात्र मागे वळून वळून मान अवघडून बसले. शेवटी नथूने आपणच मोजणी आणायची भाषा सुरू केली, तेव्हा सकुबाई म्हणाल्या, "आता बांधावर गेलात तर मीच तंगड्या बांधून ठेवीन."

संदेश कल्याणला एका ऑफिसात होता. तो म्हणाला, "बाबा, ट्रेडमिल घेऊ. घरातल्या घरात चालायचं. कुणाला पत्ता लागणार नाय."

रविवारी तिघं कल्याणच्या दुकानात गेले. टाय लावलेल्या विक्रेत्याने काळ्या पट्ट्यांची यंत्रं रांगेने दाखवली. सकुबाईंनी एकाभोवती प्रदक्षिणा घातली.

"हे जातं कुठं?"

"कुठेच नाही मावशी. जागेवरच राहतं."

"मग पोचल्याचं कळतं कसं?"

विक्रेत्याने अंतर दाखवणाऱ्या आकड्यांकडे बोट दाखवलं आणि प्रश्न टाळून मास्तरांना वर चढवलं. बटण दाबलं. पट्टा सरकू लागला आणि मास्तरांच्या पायांनी, त्यांना न विचारता, आपलं जुनं काम सुरू केलं. पायाखालची जमीन हलली की पाय रोवायचे, गुडघे थोडे सैल सोडायचे आणि एक हात वरच्या दांडीला न्यायचा, हे त्या पायांना आयुष्यभर ठाऊक होतं. मास्तर ताठ उभे राहिले. उजवा हात वर हवेत दांडी शोधत राहिला. पट्ट्याने त्यांना अलगद मागे नेलं आणि जमिनीवर उतरवलं.

"सर, चाला. पाय उचला."

"हो," मास्तर म्हणाले आणि पुन्हा चढले. पुन्हा तसेच उभ्याउभ्या मागे जाऊन उतरले. विक्रेत्याने वेग कमी केला तेव्हा ते सावकाश उतरले. तोपर्यंत दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघायला आली होती. एका बाईंनी विचारलं, हे वेगळं मॉडेल आहे का.

"बाजूला व्हा," असं म्हणून सकुबाईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि त्या पट्ट्यावर शेतावर निघाल्यासारख्या चालू लागल्या. विक्रेत्याने वेग वाढवला, त्यांनीही वाढवला. चालता चालताच त्यांनी विचारलं, "लाइट गेली की काय होतं?"

"जनरली जात नाही मावशी."

तिघांनी त्याच्याकडे इतक्या सहानुभूतीने पाहिलं की तो ओशाळला. गावात दिवसातून एवढा वेळ भारनियमन होतं की लाइट आली की लोक दचकत.

शेवटी कोपऱ्यातलं, विजेवाचून चालणारं यंत्र पुढे आलं. त्याचा पट्टा आपणच पायांनी मागे ढकलायचा. आपण थांबलो की तोही थांबणार. मास्तरांना ते एकदम पटलं.

"म्हणजे आपण निघाल्याबिगर गाडी निघत नाय," ते म्हणाले. "हेच द्या."

इथवर सगळं गुपचूप चाललं होतं. संदेश म्हणाला, टेम्पो करू. पण एसटी असताना टेम्पो म्हणजे मास्तरांच्या लेखी घर असताना धर्मशाळा. यंत्र टोकावड्याच्या गाडीच्या टपावर चढलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण तरुण कंडक्टर म्हणाला, "तुमच्याकडून सामानाचं काय घ्यायचं मास्तर? राहू द्या," आणि मास्तर बिघडले.

"राहू द्या कसं? सामानाला तिकीट लागतं. फाड."

"पण कशाचं फाडू? हे हाय तरी काय?"

"चालायचं मशीन."

गाडीतली बडबड थांबली. कंडक्टरने दर आठवून पाहिले. सायकल होती, शिलाई मशीन होतं, कोंबड्यांची पाटी होती. चालायच्या मशीनचा उल्लेख कुठेच नव्हता. मग गाडीत चर्चा झाली. मशीन चालतं की माणूस, माणूस चालतो तर मशीन कशाला, आणि ते चालतं तर गाडीच्या टपावर का आणलं, असे तिन्ही मुद्दे मुरबाड येईपर्यंत पुरले. मास्तरांनी प्रत्येकाला साखर, भात आणि डॉक्टर पहिल्यापासून सांगितले. शेवटी शिलाई मशीनचा दर लागला. मास्तर समाधानाने घरी उतरले आणि बातमी त्याच गाडीने पुढे टोकावड्याला गेली.

दुसऱ्या दिवसापासून ओटीवर माणसं येऊ लागली. मास्तर मशीनवर चढले की कुणीतरी येई. दारी माणूस आलेला आणि घरधनी त्याच्याकडे तोंड करून जागच्या जागी चालतोय, ही काही रीत नव्हे. मास्तर उतरत. चहा होई. मग पाहुणा म्हणे, "बघू, कसा चालतो तो," आणि चढे. उतरेपर्यंत दुसरा आलेला असे. धसईहून मेहुणे आले, डेपोतली मंडळी सुट्टीच्या दिवशी बायकामुलांसह आली. पाहुण्याबरोबर मास्तरांनाही चहाचा घोट घ्यावा लागे, आणि पाहुण्याच्या चहात साखर कमी घालायची म्हणजे पुन्हा अनिताचं नाव खराब.

नथूही आला. त्याने मशीन सगळीकडून बघितलं, ते एक वीतही पुढे जात नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, "झ्याक काम केलात मास्तर. यात कुणाची हद्द येत नाय." मग तो रोजच येऊ लागला. बांधावर चालून त्याला सवय लागली होती.

असे दोन महिने गेले. मशीनवर सगळा गाव चालला. मास्तर चालायचे राहिले.

तपासणीच्या दिवशी सकुबाईंनी नेहमीसारखं वाढलं. जेवून दोन तासांनी रक्त द्यायचं होतं. मास्तरांनी भाताचा ढीग हळूहळू संपवला. शेवटचा घास त्यांनी बराच वेळ हातात धरला. पाहुण्याला निरोप देताना होतं तसं त्यांना झालं.

"आता उठा," सकुबाई म्हणाल्या. "गाडी जाईल."

"माझी गाडी कशी जाईल?" मास्तर म्हणाले आणि रस्त्याला लागले. थांबा अंमळ लांब होता, पण मास्तर थांब्यावर शेवटचे कधी उभे राहिले होते हे त्यांनाही आठवत नव्हतं. ते दिसले की गाडी थांबे.

गाडी आली. मास्तरांनी हात केला. स्टिअरिंगवर देवरामच होता. त्याने वेग थोडा कमी केला, हॉर्न वाजवला आणि खिडकीतून ओरडला, "चालू द्या मास्तर. आता नाय आडवत तुमाला. भाताचा सवाल हाय." खिडक्यांतून चारसहा हात हलले आणि गाडी निघून गेली.

मास्तर धुळीत उभे राहिले. पुढची गाडी आली तिला त्यांनी दोन्ही हात केले. कंडक्टर दारातून म्हणाला, "झकास. हात पण हलवायला सांगितलेत का?" एक जीप आली, तीही आदराने वळसा घालून गेली. ओळखीचा मोटारसायकलवाला थांबला, मास्तरांचा जीव भांड्यात पडला, तर तो म्हणाला, "बसा म्हणणार होतो, पण तुमचं नुकसान नको," आणि गेला.

भर रस्त्यात, आपल्या रस्त्यावर, आपल्याच गाड्यांनी टाकून जावं, हे मास्तरांना फार लागलं. नोकरीत त्यांनी एकही म्हातारी कधी मागे सोडली नव्हती. पण दोन तास संपत आले होते. रडायला सवड नव्हती. ते चालले. उताराला थोडे धावलेही. मुरबाडच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा सदरा पिळून काढण्याजोगा झाला होता.

संध्याकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"वा. चांगली उतरलीय. मशीन घेतलंत म्हणे?"

"हो," मास्तर म्हणाले. त्यांचे पाय अजून ठणकत होते.

"फरक पडला ना?"

"फार. मशीन आल्यापासून चालण्यावाचून इलाजच राहिला नाय."

"असंच चालू ठेवा. मग भात खा, बेताने. दुकानाचं नाव सांगून ठेवा, मी बाकीच्या पेशंटनाही घ्यायला लावतो."

मास्तरांनी दुकानाचं नाव सांगितलं आणि परत निघाले. वाटेत तीन गाड्या हॉर्न वाजवून गेल्या.

घरी आले तेव्हा ओटीवर नथू मशीनवर चालत होता आणि अनिता त्याच्यासाठी चहा टाकत होती. मास्तर आत जाऊन पाटावर बसले. सकुबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहून नाचणीच्या पिठाच्या डब्याला हात घातला.

"भात वाढ," मास्तर म्हणाले. "उतरली."

सकुबाईंनी डबा जागेवर ठेवला. डोळे पुसले, चुलीच्या धुराने चुरचुरल्यासारखं दाखवलं, आणि वाफेचा भात ताटात घातला.

"मग एवढा उशीर का? आणि पाय कशानं सुजले?"

मास्तरांनी भातावर वरण घेतलं, कालवलं. हे वाक्य आपल्या तोंडून येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"एकपण गाडी थांबली नाय," ते म्हणाले.

सकुबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमी थांब्यावर उभे नसाल."

मास्तरांनी घास तोंडात घातला, आणि भात थोडा आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं.