बंडी टॉकीजचा पडदा

शनिवारी पहाटे देवमन मास्तरांच्या बरगडीत ती पितळी कडी पुन्हा रुतली आणि डोळे उघडायच्या आधीच त्यांनी सासऱ्याला शिवी हासडली. गादी लग्नात अकोटहून आलेली. आतला कापूस सासऱ्याच्या शेतातला, पहिल्या वेचणीचा. खोळ मात्र कसल्यातरी जुन्या जाड कापडाची, आणि तिच्या काठाला अशा चार कड्या. किसनराव पाटलांना लेकीसाठी नवं कापड मिळालं नाही का, हा प्रश्न मास्तर सात वर्षं रोज सकाळी बायकोला विचारत होते.

"आजच्या आज ही खोळ घराबाहेर काढ," ते म्हणाले. "मी आल्यावर मले दिसली नाही पाहिजे."

सात वर्षं बापाचा उद्धार ऐकून शकुनचाही जीव विटला होता. "काढतो म्हटलं," एवढंच बोलून ती चहाकडे वळली.

मास्तरांचा खरा राग होता शेजारच्या चिंतामण वकिलांवर. अकोटबाहेरच्या एका शेतात पूर्वी उघड्यावर टॉकीज होतं, लोक बैलबंड्या जुंपून येत, बैल खुंट्यांना बांधत आणि बंडीत बसूनच सिनेमा पाहत, असं मास्तरांनी वाचनालयात सांगितलं होतं. बैलांना अर्धं तिकीट होतं की पूर्ण, असं वकिलांनी सगळ्यांदेखत विचारलं. लोक खो खो हसले. मास्तरांनी आयुष्यातला पहिला सिनेमा त्याच शेतात, वडिलांच्या मांडीला मांडी लावून पाहिला होता. वडील आता नव्हते. जन्मभर राबलेल्या माणसानं केलेली ती एकच चैन, आणि हा काळ्या कोटातला गृहस्थ तिला थाप म्हणत होता. शेवटी ठरलं ते असं: रविवारच्या सभेत मास्तरांनी पुरावा दाखवायचा, नाहीतर थाप मारली असं सगळ्यांसमोर कबूल करायचं.

पुरावा शोधायला अकोटला जातोय हे त्यांनी शकुनला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं माहेरी जायला लावलं असतं, आणि जावई दारात दिसला की पुरणाचा घाट, पाट-रांगोळी, टोपी-उपरणं. तेवढ्यात शेवटची एसटी निघून जाते. म्हणून दर्यापूरला पेपर तपासायला जातो असं त्यांनी ठोकून दिलं. अकोटला उतरल्यावर सासऱ्याच्या गल्लीवरून ते मफलर नाकापर्यंत ओढून, चोरासारखे गेले.

शेत पाहून त्यांचं डोकं आणखी फिरलं. सगळीकडे कपाशी. पडद्याच्या दोन खांबांपैकी एक उरला होता आणि त्यावर बुजगावण्याचा सदरा टांगला होता. बैलांचे खुंटे चुलीत गेले होते. तिकिटाच्या लाकडी खोक्यात कोंबड्या होत्या. त्या कोंबड्यांना दाणे टाकत डोमाजी बसला होता. एकेकाळी तिकिटं फाडायचा, आता शेत राखायचा. एक टॉकीज बुडालं आणि एकालाही त्याची खंत नाही, म्हणून मास्तर त्याच्यावरच बरसले.

"पडदा तरी कुठं हाय?" मास्तरांनी विचारलं.

"पडदा किसनराव पाटलानं नेला. पोरीच्या लग्नात गादीले खोळ शिवली त्याची. आमच्या टॉकीजचा बंडीचा लाल शिक्का होता ना त्याच्यावर, तो दिसू नये म्हनून उलटी शिवली." डोमाजीनं मूठभर दाणे फेकले. "जवाई मास्तर हाय म्हनते, अमरावतीले. मोठा नशीबवान. तसं कापड आता भेटत नाही."

मास्तरांनी मफलर आणखी वर ओढला.

परतीच्या एसटीत ते प्रत्येक थांब्याला कंडक्टरवर खेकसले. दिवेलागणीला धापा टाकत घरात शिरले, तर गादी निळ्या पट्ट्यांच्या कोऱ्या खोळीत टुमटुमीत होऊन बसलेली.

"जुनी खोळ कुठं हाय?"

"तुमीच तं काढाले सांगतली."

"टाकली कुठं?"

"टाकीन कावून? मजबूत कापड. चारुशीलाबाईच्या घरची आरामखुर्ची फाटली होती. त्यायले देली. त्यायनं दुपारीच मशीनवर शिवून लावली."

चारुशीलाबाई म्हणजे वकिलीणबाई. मास्तरांनी गळ्यातला मफलर ओढून काढला. "तो टॉकीजचा पडदा होता, हे तुले माहीत होतं?"

"त्याच्यावर सिनेमे पाहूनच लहानाची मोठी झाली मी. पुऱ्या अकोटात त्याच्याइतकं टिकाऊ कापड नाही, म्हनून बाबानं मुद्दाम घेतला होता." शकुनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सात वर्षं जुनं जुनं करून राहिले. कायचं हाय, असं एक दिवस तरी विचारलं?"

मास्तर तसेच ओसरीवर गेले. शेजारी, स्वतःच्या ओसरीवरच्या आरामखुर्चीत, चिंतामण वकील पान चघळत पसरले होते. त्यांच्या कोपराशी एक पितळी कडी लोंबत होती आणि पाठीखालून लाल शिक्क्यातलं बंडीचं अर्धं चाक तेवढं डोकावत होतं.

"काय मास्तर, सापडला का पुरावा?"

"वकीलसाहेब," मास्तर दात आवळून म्हणाले, "जरा उठता का?"

वकिलांनी पान गालात सरकवलं आणि पाय आणखी लांब केले.

"आधी पुरावा दाखवा," ते म्हणाले. "मग उठतो."