पगारेंची मोफत जन्मतारीख

अश्विन पगारेंच्या हातात लाल आकड्यांचं कुठलंही जुनं घड्याळ द्या, पाच मिनिटांत ते त्याची जन्मतारीख सांगणार! नुसतं वर्ष नाही, आठवडासुद्धा! हे पगारे स्वतःच सांगायचे, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायचे.

ही घड्याळं म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा थाट. काळी काच, आत मिट्ट अंधार. बटण दाबलं की लाल आकडे पेटणार, बोट काढलं की विझणार. वेळ बघायला दुसरा हात मोकळा हवा! हातात भाजीची पिशवी असली, की माणूस वेळेला मुकला.

नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करणाऱ्या पगारेंना या घड्याळांनी पुरतं झपाटलं होतं. त्यांनी अकरा जमवली होती, आणि अकराही नकली किंवा उशिराची असल्याचा निकाल स्वतःच दिला होता. मेहुण्याचंही त्यांनी भर पंगतीत उघडून "आतला माल परवाचा आहे!" असं जाहीर केलं होतं. मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता. पण पगारेंना त्याचाही अभिमानच होता. निकाल म्हणजे निकाल!

"नाशिक जिल्ह्यात एक तरी अस्सल निघेलच," ते बायकोला म्हणाले. "स्नेहा, रविवारी आपल्या अंगणात मोफत तपासणी ठेवतो. फ्लेक्स लावतो!"

"लावा," स्नेहा म्हणाली. ती शाळेत शिक्षिका. "पण मजकूर मला दाखवून द्या."

इथेच पगारेंचा स्वाभिमान आडवा आला. मजकूर त्यांनी थेट फ्लेक्सवाल्या संतोषला दिला : 'जुन्या लाल आकडी घड्याळांची जन्मतारीख व अस्सलपणा मोफत तपासून मिळेल, प्रमाणपत्रासह.' संतोषला तो लांबलचक वाटला. त्याने 'व अस्सलपणा' आणि 'तपासून' गाळलं, 'जुन्या लाल आकडी घड्याळांची' हे शब्द मुंगीच्या पायांएवढे केले आणि त्यांवर पगारेंचा कोट घातलेला फोटो बसवला. खाली टरबुजाएवढ्या अक्षरांत उरलं : 'जन्मतारीख मोफत मिळेल, प्रमाणपत्रासह!'

रविवारी सकाळी पगारेंनी दार उघडलं, तर रांग थेट पिठाच्या गिरणीपर्यंत!

"बघितलंस?" त्यांचा ऊर भरून आला. "एवढी घड्याळं लोकांनी घरात दडवून ठेवली होती!"

पहिला नंबर निफाडच्या भिमाजींचा. पांढरी टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी.

"जय भीम, साहेब. जन्मतारखेचं काम होतं."

"जय भीम! बसा, बसा. आधी पट्टा काढा."

भिमाजींनी रांगेकडे बघितलं. "इथंच?"

"मग काय झालं? मागचं झाकण उघडल्याशिवाय मला काही कळत नाही."

भिमाजी उभे राहिले. "मागचं?"

"हो. आत चार आकडे असतात. पहिल्या दोनांवरून वर्ष, पुढच्या दोनांवरून आठवडा. मी भिंगातून बघतो. दुखायचं काही कारण नाही, तुम्ही नुसतं बघत राहा."

भिमाजींनी कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी गच्च धरला आणि ते मागे सरकले. "साहेब, मी आधार कार्ड आणलंय. कार्डावर भागत असेल तर भागवा!"

स्नेहा पळत फाटकाबाहेर गेली, फ्लेक्स वाचून आली आणि पायरीवर बसून पदरात तोंड घालून हसू लागली. पगारे वाचून आले ते मात्र राखेसारखे झाले होते. त्यांनी खुर्चीवर चढून हात जोडले. "मंडळी, घोटाळा झालाय! मी माणसांची तारीख काढत नाही. फक्त घड्याळांची!"

"मग कोट घालून फोटो कशाला लावला?" मागून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात स्कूटरवरून एक गृहस्थ उतरले. "मी गोरक्ष सानप. जन्म-नोंदणी खात्यात आहे. इथे जन्माचे बोगस दाखले वाटतात असा फोन आला. रविवार मोडून आलोय. दाखले कोण देतं?"

साठ बोटं एकदम पगारेंकडे वळली.

पगारे खुर्चीवरून खाली उतरले. अशा वेळी रांगेतून एक काटक म्हातारी पुढे आली, झुंबरबाई. तिने कमरेचा बटवा सोडला.

"सायेब, ह्यांना नंतर धरा. आधी माझं ऐका. मला म्हातारपणाची पेन्शन पायजे, ती पासष्टीशिवाय देत नाय, अन् आधारवर मी बावन्नची! माझं धाकलं पोरगं पंचेचाळीसचं हाय. म्हंजे मी सातव्या वर्षी बाळंत झाले का?"

सानपांनाही हसू आवरेना. "आजी, दाखला आहे का कसला?"

"नाय ना! थोरली लता नाशकातच झाली, सरकारी दवाखान्यात. दसरा झाला होता, द्राक्षांची छाटणी चालू होती. पण साल कोन्तं ते आठवत नाय. तिच्या बारशाला माझ्या भावानं हे आणलं. बोटीवर होता तो, अमेरिकेपर्यंत जायचा. नवं कोरं आणलं होतं. हे चालतं का बघा."

आणि तिने बटव्यातून घड्याळ काढलं. काळी काच. जड पोलादी पट्टा. वेळ लावायला घुंडीच नाही.

पगारे साहेबांना विसरले, रांगेला विसरले. कुणी त्यांना तिथेच अटक केली असती, तरी त्यांनी "थोडं थांबा" म्हटलं असतं. त्यांनी झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि श्वास रोखला.

"जोडकामाचे टाके मूळचे... नवीन तुकडा एकही नाही... सानपसाहेब, वाचा! सात, पाच, एक, नऊ! पंचाहत्तर सालाचा एकोणिसावा आठवडा! म्हणजे मे महिना!"

"त्याने काय होतं?"

"आतली चिप मे पंचाहत्तरची, म्हणजे घड्याळ त्याआधीचं असूच शकत नाही! नवं कोरं आणलं असेल तर लता त्या दसऱ्यानंतरची, नाहीतर पुढच्या दसऱ्यानंतरची. तुमच्याकडे जन्मनोंदींच्या जुन्या वह्या असतील ना? फक्त दोन वह्या बघा!"

सानप विचारात पडले. त्या वहीत आईचं वय लिहिलेलं असायचं, हे त्यांना पगारेंपेक्षा जास्त ठाऊक होतं. "पण हे चालू तरी आहे का? बंद घड्याळावर कसा विश्वास ठेवू?"

पगारेंनी नवे सेल घातले. वेळ लावायला लोहचुंबक लागायचं, ते स्नेहाने फ्रिजच्या दारावरून काढून आणलं. त्यावर आइसक्रीमचा कोन होता. बटण दाबलं. काहीच दिसेना!

"बंद आहे," सानप म्हणाले.

"बंद नाही, ऊन आहे! हे आकडे उन्हात दिसत नाहीत. चादर!"

मग दोरीवरची फुलाफुलांची चादर आली. चादरीखाली पगारे गेले, सानप गेले, "घड्याळ माझं हाय" म्हणत झुंबरबाईही शिरली. बाहेर सहा पाय आणि आतून आवाज : "दाबा! अजून जोरात दाबा! सरका हो, माझ्या पायावर उभे आहात!"

रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने ब्रेक मारला. "काय चाललंय आत?"

"तारीख निघतीय," भिमाजींनी गंभीरपणे सांगितलं. पट्टा अजून त्यांच्या मुठीतच होता.

"पेटलं!" आतून झुंबरबाई किंचाळली. "आई गं, लाल लाल पेटलं! भाऊ दाखवायचा तस्संच!"

चादर बाजूला झाली तेव्हा तिचे डोळे भरले होते, सानपांचे केस विस्कटले होते आणि पगारेंची मान दोन इंच उंच झाली होती. हेच ते अस्सल! आयुष्यातलं पहिलं!

तीन आठवड्यांनी सानपांचा फोन आला. ऑक्टोबर पंचाहत्तर, मुलगी, आई झुंबरबाई, वय अठरा. तारीख दुरुस्त होणार होती. पगारेंनी ही बातमी कॉलनीच्या ग्रुपवर चार वेळा टाकली. पाचव्यांदा टाकायच्या आत स्नेहाने मोबाईल काढून घेतला. पण तिनेही शाळेत सगळ्यांना सांगितलं होतंच, "आमच्या यांनी घड्याळावरून बाईचं वय काढलं!" मेहुण्याचाही फोन आला. पगारेंना वाटलं, आता आयुष्यात मिळवायचं काही उरलं नाही.

पुढच्या रविवारी फाटकाशी झुंबरबाई उभी. शेजारी फेटा बांधलेला, तोंड फुगवलेला म्हातारा.

"या आजी, या! पेन्शनचं झालं का?"

"अर्ज गेला. पण लय घोळ झाला," झुंबरबाई म्हणाली. "मी निघाले अडुसष्टची. अन् आमचे मालक, हे पुंजाराम, कार्डावर एकसष्टचे!"

"सारा गाव हसतोय," पुंजारामबाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "म्हणत्यात, बुवानं सात वर्षांनी मोठी बायको केली. माझी बी तारीख काढा."

"काढू की! तुमचं घड्याळ आणलंत?"

"घड्याळ नाय. माझ्या जन्माच्या वेळचा रेडिओ हाय." आणि त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं ओट्यावर ठेवलं.

पगारेंना रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं, एकदा गाठोड्याकडे, आणि घसा खाकरून आत हाक मारली, "स्नेहा, जरा मोठा स्क्रू ड्रायव्हर आण बरं!"