पाच वॅटची वाट

आमच्या हेडक्लार्कांनी ठरवलं होतं ते एवढंच, की गिटारला एक छोटासा अॅम्प्लिफायर घ्यायचा. छोटा म्हणजे पाच वॅटचा. "अगं, पाच वॅट म्हणजे काहीच नाही," ते वहिनींना आठवडाभर समजावत होते. "आपला झिरोचा बल्बसुद्धा पंधरा वॅटचा असतो."

"वॅट पाच असोत की पन्नास," वहिनी म्हणाल्या, "वाट कुणाची लागणार ते सांगा."

मग हेडक्लार्कांनी शास्त्र काढलं. म्हणे मोठ्या अॅम्पचा खरा सूर त्याच्या आवाजाचा नॉब शेवटपर्यंत पिळल्याशिवाय निघत नाही, आणि तेवढा पिळला तर शेजारी आपल्याला पिळतात. छोट्याचं तसं नाही. तो घरातल्या घरात खुशाल पिळावा, मग त्याचा आवाज जरासा फाटतो, घोगरा होतो, ऊबदार होतो. आत जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या ट्यूबा असतात आणि त्या नारिंगी पेटतात. (हे सांगताना हेडक्लार्क स्वतःच नारिंगी झाले होते.)

"ट्यूब आहे होय? म्हणजे तुमच्यासारखाच. उशिरा पेटणार," वहिनी म्हणाल्या. शेवटी परवानगी मिळाली, पण अटीवर. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांची गिटारबद्दल एक जरी तक्रार आली, तर गिटार वहिनींच्या भावाकडे जाणार. ही गिटार हेडक्लार्कांनी लग्नाच्याही आधीपासून जपलेली. (वहिनींचं म्हणणं, लग्नानंतरही तेवढीच जपली.) आणि भावाच्या घरी जी वस्तू जाई, तिच्यावर कपडे वाळत.

अॅम्प आला. हेडक्लार्कांनी दुपारी दार लावून तो चालू केला आणि तार छेडली. आवाज नाही. नॉब अर्धा फिरवला, तरी नाही. शेवटपर्यंत पिळला, तरी ढिम्म. ट्यूब तापायला वेळ लागतो हे ते ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सांगून बसले होते. स्वतःला सांगायचं तेवढं राहिलं. बिचाऱ्यांनी अॅम्पला कान लावला आणि हात उचलून सगळ्या तारांवर सणसणीत मारला. नेमक्या त्याच घटकेला ट्यूबा पेटल्या.

कपाटातल्या बश्या नाचल्या. खिडकीची काच थरथरली. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला असणार, पण तो ऐकू येण्यातला नव्हता. आता शहाण्या माणसाने नॉब उलटा फिरवला असता. पण तो सूर निघाला होता हो! वर्षानुवर्षं मनात ऐकलेला, घोगरा, ऊबदार, थेट काळजाला हात घालणारा. हेडक्लार्क सगळं विसरून वाजवत सुटले. डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं.

दारावरची बेल वाजली तेव्हा मात्र त्यांनी झटकन अॅम्प बंद केला आणि दार उघडलं. दारात डॉक्टर, हातात मोजे, मास्क गळ्यात.

"भोकं पाडताय का?"

"अं?"

"भिंतीला हो. ड्रिल. माझा जन्म ड्रिल धरण्यात गेला, मला आवाज कळतो. पण हात नवा दिसतोय तुमचा. एवढं दाबू नका, थांबून थांबून चालवा."

इतक्यात त्यांची नजर गिटारवर गेली. हेडक्लार्क घाईघाईने म्हणाले, ती शोभेची आहे. डॉक्टर म्हणाले, शोभेची असेल तर बरं. भोकं काय, माणसाला पाडावीच लागतात, पण डोक्यावर गिटार वाजलेली त्यांना खपणार नव्हती.

हेडक्लार्क वाचले. त्यांनी सुटकेचा श्वास अर्धा सोडला होता, तेवढ्यात वहिनी गोड आवाजात म्हणाल्या, "फळी लावतायत हे. उद्या चहाला या ना, लागलेली असेल."

आली का पंचाईत! फळी नव्हती, भोकं नव्हती, ड्रिलही नव्हतं. फळी बाजारातून आली, ड्रिल वहिनींच्या भावाकडून आलं. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क स्टुलावर चढून, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे, न दाबता, थांबून थांबून भोकं पाडू लागले. दुसरं भोक होतं न होतं तोच बेल वाजली. डॉक्टर लालबुंद झाले होते.

"काल भोकं पाडलीत, मी चकार शब्द काढला नाही. पण आज गिटार? ही माझी तक्रार समजा."

हेडक्लार्कांनी चुन्याने माखलेलं ड्रिल त्यांच्यापुढे धरलं.

"ते नाचवून मला बनवू नका," डॉक्टर म्हणाले. "ड्रिल म्हणजे कालचं. काय भरदार आवाज होता! कसा घोगरा, ऊबदार! पेशंट आणि मी दोघंही क्षणभर थांबून ऐकत राहिलो. आणि आजचं हे किरकिरणं? ही गिटारच."

आयुष्यात पहिल्यांदाच हेडक्लार्कांच्या वाजवण्याला कुणीतरी चांगलं म्हणत होतं. त्यांनी बाहीने डोळे टिपले. हात आपोआप छातीशी गेला आणि तोंडून निघून गेलं, "थँक्यू, डॉक्टर."

वहिनींनी तोवर भावाला फोन लावला होता. "अरे, ड्रिल न्यायला येशील तेव्हा मोठी गाडी आण. गिटारही न्यायची आहे... हो, ह्यांचीच... छे रे, वाईट कसलं वाटतंय? डोळे पुसतायत, पण खुशीत आहेत."