गादीवरचे पाच श्वास

मिठ्ठूच्या घरात फळांचा रस काढायची तीन यंत्रं होती आणि फळं घरात फारशी कुणाला आवडत नव्हती. मिठ्ठू हे त्याला दुकानात पडलेलं नाव. गाद्यांच्या दुकानात तो वीस वर्षं सेल्समन होता आणि त्याच्या जिभेवर साखर होती. नुसता पत्ता विचारायला आलेला माणूसही त्याच्याकडून उशी घेऊन जाई. पण दुसऱ्या कुणा विक्रेत्याने झकास भाषण ठोकलं, की हाच गडी विरघळायचा. काय बोलतो हा, असं म्हणत खिशात हात घालायचा. वस्तू त्याला नकोच असायची, त्याला फक्त दाद द्यायची असायची.

तिसरं यंत्र घरात आलं त्या दिवशी बायकोने ते खोक्यासकट माळ्यावर टाकलं, तेव्हाच त्याने ओळखलं की पाणी डोक्यावरून गेलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याचं नाव ‘सजग खर्च’ नावाच्या शिबिरात घातलं. फी भरणं तिच्या जिवावर आलं होतं, पण भरली. शिबिरातल्या बाईंनी शिकवलं ते एवढंच, की काही घेण्याआधी डोळे मिटा, पाच श्वास घ्या आणि स्वतःला विचारा, हे मला खरंच हवंय का? मग आतून जे उत्तर येईल ते ऐका.

मिठ्ठूला हे इतकं पटलं, की पंधरा दिवसांत त्याने साधा रुमालसुद्धा घेतला नाही. बायको खूश झाली. पंचाईत झाली ती दुकानात. एक जोडपं गादी बघायला आलं, मिठ्ठूने नेहमीसारखं तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच निघालं. त्याने त्या दोघांना तिथल्या तिथे डोळे मिटायला लावले. पाचव्या श्वासाला दोघांनाही आपली जुनी गादी आठवली आणि ती अजून बरी आहे असं वाटलं. जाताना त्यांनी मिठ्ठूचे हात हातात घेऊन आभार मानले. त्या आठवड्यात असे आभार बऱ्याच जणांनी मानले.

मालक काही आभारांवर दुकान चालवत नव्हते. त्यांनी मिठ्ठूला आत बोलावलं.

“हे बघ, वीस वर्षं आहेस म्हणून सांगतो. शनिवारपर्यंत एक डबल गादी गेली पाहिजे. नाहीतर सोमवारी येऊ नकोस.”

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसऱ्या दुकानात कोण उभं करणार? शनिवारी तोंड शिवून ठेवायचं, असं त्याने ठरवलं. दुपारी शाळेतल्या एक बाई आल्या. सकाळपासून पेपर तपासून त्यांचे डोळे लाल झाले होते. एवढ्या महागाची मला गरज आहे का, खरं सांगा, असं त्यांनीच विचारलं. आता खोटं बोलणं त्याला जमेना आणि खरं बोलणं परवडेना. तो म्हणाला, आडव्या व्हा, पाच श्वास घ्या आणि तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या श्वासाला बाई घोरू लागल्या. सव्वा तासाने उठल्या त्या थेट त्या डबल गादीचे पैसे द्यायला गेल्या.

इतके दिवस चूक कुठे होत होती, ते मालकांच्या चटकन ध्यानात आलं. मिठ्ठू लोकांना उभ्याने श्वास घ्यायला लावत होता. सोमवारी दुकानाबाहेर पाटी लागली, ‘आधी पाच श्वास, मग खरेदी’. आत पडदे आले, दिवे मंद झाले. दमलेली माणसं येत, सगळ्यात जाड गादीवर अंग टाकत आणि त्यांच्या आतून हटकून ‘हो’ येई. मिठ्ठूची नोकरी वाचली, वर पगारही वाढला. फक्त आपण नक्की काय शिकलो होतो, हे त्याला नीट आठवेनासं झालं. एखाद्याला परत विचार करा म्हणून सांगायला तो पुढे झाला, तर मालक त्याला बाजूला घेत. “मिठ्ठू, गिऱ्हाइकाच्या आतल्या आवाजात आपण आपला आवाज मिसळायचा नाही.”

एके दिवशी बायको दुकानात आली. नवऱ्याचा एवढा बोलबाला कशाबद्दल चाललाय, ते तिला बघायचं होतं. चपलेचा अंगठा तीनदा शिवून वापरणारी बाई ती, त्यामुळे मिठ्ठू निर्धास्त होता. तिने जाड गादीवर पाठ टेकली आणि डोळे मिटले. पाच श्वास झाले, पंधरा झाले. मिठ्ठू खाकरला.

“हीच घ्यायची,” ती डोळे न उघडता म्हणाली.

“अगं, आपली आहे की चांगली.”

“तुमची बाजू चांगली आहे. माझ्या बाजूला खड्डा आहे.”

“मग आधी नाही का बोलायचं?”

“वीस वर्षं गाद्या विकताय. सगळ्या गावाला विचारलंत, हवी का म्हणून. मला कधी विचारलंत?”

मिठ्ठूला फार वाईट वाटलं. जीभ उचलली, पण जिभेवर आज साखर नव्हती. मालक भिंतीकडे तोंड करून पडदा सारखा करत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. शेवटी मिठ्ठूने बिलबुक पुढे ओढलं आणि दुकानातली सगळ्यात महाग गादी, एक शब्दही न बोलता, स्वतःलाच विकली.