शेवटाआधी उठणारे काकाजी

पुंजाराम काकाजींवर मी लिहावं, हे खरं तर शोभत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायचं कसं, ते अजून नीट येत नाही. त्यात काकाजी शेजारचे, माझ्या बाबांहून वडील. वाचणाऱ्यांनी आणि त्यांनीही माफ करावं.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात गणपतीत व्हिडिओ लागतो. जुने, ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर. काकाजी बारदाना अंथरून सगळ्यांच्या पुढे बसतात. पण पडद्यावर कुणी साधूच्या दाढीला हात घातला, की ती निघायच्या आत हे चप्पल शोधू लागतात. "मले समजला पिक्चर," म्हणतात आणि घरी जातात. त्यांनी एकही शेवट पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी निंदणाच्या बायांना ते तोच पिक्चर सांगतात, शेवट पदरचा लावून. त्यात माळ जपणारा शेठ तस्कर नसतो. चोर सापडावेत म्हणून त्यानं सोनं ठेवून घेतलेलं असतं. सुरा घेऊन आलेला माणूस तो परत करायला आलेला असतो. "त्याच्या मनात तसं नव्हतं," हे काकाजींचं ठरलेलं वाक्य.

एकदा माझ्या आईनं विचारलं, "भाऊजी, मंग खून केला कोनं?"

"कोनंच नाही. तो आपल्या मौतीनं मेला."

बाया हसून हसून खाली बसल्या. पुढे त्यातल्या एकीनं खरा पिक्चर पाहिला, तर म्हणाली, काकाजीचाच बरा होता.

काकाजींच्या मुलानं, प्रल्हादनं, एका वर्षी गावभर कपाशीचं बियाणं विकलं. हिरवी पिशवी पुढे करून म्हणायचा, "डोये मिटून पेरा." पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली. परगावची माणसं बांधावर थांबून पाहायची. बोंड मात्र धरलं नाही. दिवाळीच्या आधीच प्रल्हाद नाहीसा झाला. त्याला ठाऊक होतं, असं सारं गाव म्हणतं, बाबाही म्हणतात.

"त्याच्या मनात तसं नव्हतं," काकाजी म्हणाले. "तोही फसला असन."

लोक सवयीनं हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की आता कुठं पाहावं समजत नाही.

मी यवतमाळहून आलो की काकाजी एसटीपाशी उभे असतात. विचारतात एवढंच, "काही खबर?"

या उन्हाळ्यात पेरणीच्या तोंडावर मी कॉलेजातल्या मित्राकडे महागावला गेलो होतो. बाजारातल्या एका दुकानात प्रल्हाद बसला होता. दाढी वाढवलेली. गिऱ्हाईक त्याला भलत्याच नावानं हाक मारत होतं, आणि तो हिरवी पिशवी पुढे करून म्हणत होता, "डोये मिटून पेरा." मला पाहून त्यानं तोंड फिरवलं.

गावात उतरलो तर काकाजी उभेच. सरळ सांगायची लाज वाटली. म्हणालो, "काकाजी, महागावले एक पिक्चर पाह्यला."

ते चप्पल काढून शेडातल्या बाकावर मांडी घालून बसले. मी सांगू लागलो. एक माणूस गाव सोडते, दाढी वाढवते, दुसऱ्या नावानं दुकान टाकते. त्यांचा पाय खाली चप्पल चाचपू लागला. मी थांबलो.

"सांग," ते म्हणाले. "बियाणं कोनतं विकते?"

"तेच. हिरव्या पिशवीतलं."

काकाजी उठले नाहीत. एसटी वळून निघून गेली, धूळ खाली बसली. मग त्यांनी हळूच विचारलं, "दाढी शोभते काय त्याले?"