गाडीतली बाज

मे महिन्यातल्या भर दुपारी, उभ्या गाडीच्या आत छत्री उघडून बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज पाहत होतो. आमच्या समोरचे मधुभाऊ इंगोले. गाडी दारासमोर उभी, आत एक बाज, म्हणजे आपली विणलेली खाट, तिच्यावर मधुभाऊ मांडी घालून बसलेले आणि डोक्यावर काळी छत्री. एकदा न राहवून मी विचारलं, "मधुभाऊ, घरात कूलर आहे ना?"

"हाये ना बाप्पा."

"मग इथे कशाला बसता?"

"बाजेले ऊन लागून राहिलं ना सर. पट्टी खराब होते."

म्हणजे छत्री त्यांच्यासाठी नव्हतीच, बाजेसाठी होती. मी पुढे काही विचारलं नाही. मधुभाऊंच्या पहिल्या उत्तरावर आपण सुटतो, दुसऱ्यात अडकतो, हा माझा अनुभव आहे.

गाडी म्हणजे एक जुनी मॅटाडोर. एके काळी ती गुराढोरांचा फिरता दवाखाना होती आणि मधुभाऊ तिचे ड्रायव्हर. दोघं बरोबरच निवृत्त झाले. ती लिलावात निघाली तेव्हा भंगारवाल्यांच्या गर्दीत मधुभाऊही जाऊन उभे राहिले आणि तिला घेऊनच घरी आले. तिच्या अंगावर रंगवलेल्या बैलाची आता नुसती शिंगं उरली आहेत, आणि 'फिरता पशुवैद्यकीय दवाखाना' यातला 'फिरता' एवढाच शब्द वाचता येतो. गाडी मात्र दारातून सहसा हलत नाही. आतली औषधांची कपाटं काढून त्यांनी बाज टाकली, छोटी शेगडी बसवली, माठाला जागा केली. मग टपाला चांगलं ऐसपैस चौकोनी भोक पाडून त्यावर काच लावली. तिला ते 'वरची खिडकी' म्हणतात. कुठे निघालात म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "काश्मीरले. तयारी करून राहिलो."

गाडीचं तोंड नेहमी उत्तरेला. आमची गल्ली पूर्व-पश्चिम, त्यामुळे गाडी गल्लीत आडवी. आम्ही अगदी टोकाला राहतो म्हणून बाकी कुणाचं काही अडत नाही, अडते ती फक्त माझी स्कूटर. सकाळी क्लासला निघताना मी हाक मारायची, मधुभाऊंनी लुंगी सावरत येऊन गाडी सरळ करायची आणि मी वळणावर पोचेपर्यंत पुन्हा आडवी लावायची, असा आमचा शेजारधर्म. "सरळ राहू द्या ना दिवसभर," असं मी म्हटलं की ते माझ्याकडे दयेनं बघतात. शिवाय गल्लीतला दिवा बंद पडला की आनंद होणारा अमरावतीतला हा एकमेव माणूस असावा.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी कडुनिंबावरून एका काळतोंड्या वानरानं टपावर उडी घेतली. काच फुटली आणि वानर थेट बाजेवर. तिथे त्यानं निवांत बसून बिस्किटांचा पुडा संपवला, पातेलं वाजवून पाहिलं आणि दारातून सभ्य माणसासारखं निघून गेलं. सुमनवहिनी तेव्हा घरात होत्या म्हणून बरं.

सुमनवहिनी म्हणजे मधुभाऊंच्या मिसेस. काही वर्षांपूर्वी गच्चीच्या जिन्यावरून पडल्या, तेव्हापासून वॉकर धरून घरातल्या घरात फिरतात. उन्हाळ्यात संध्याकाळी मात्र त्या गाडीत येऊन पडायच्या. वानराच्या प्रकारानंतर त्यांनी गाडीचं नावच टाकलं. "त्या उघड्या भोकाखाली मी नाही झोपत," त्या म्हणाल्या. "पत्रा मारून टाका अन् मोकळे व्हा. लोक हासून राहिले."

गल्लीचंही तेच मत. गॅरेजवाला म्हणाला पत्रा मारा, वेल्डिंगवाला म्हणाला पत्रा मारा, मीही म्हणालो पत्रा मारा. मधुभाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "काच पाहिजे." अमरावतीत कुणी ते काम घेईना. मे अर्धा सरला तसा माणूस कासावीस झाला. जेवण कमी, बोलणं कमी. काश्मीरचंही नाव काढेनात. मला खरंच वाईट वाटायला लागलं.

म्हणून एका रविवारी मी त्यांच्याबरोबर अकोल्याला निघालो. तिथे सलीमभाई नावाचे त्यांचे जुने दोस्त ट्रकच्या बॉड्या बांधतात. मागे बाजेजवळ बसून छत्री धरायचं काम माझ्याकडे आलं. बडनेरा सुटल्यावर पहिल्याच झोताला छत्री उलटी झाली आणि मूर्तिजापूरपर्यंत मी ती तशीच धरून बसलो. तिथे चहाला थांबलो. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ गवतात निजल्यासारखे पडले होते. मधुभाऊ कपातला चहा निवेपर्यंत त्यांच्याकडे पाहत राहिले.

"हे बी कोठी जात नाहीत आता," ते म्हणाले. "पण पाहिलं का वाटते, निघालोच आपण."

मला त्या उन्हात, त्या उलट्या छत्रीसकट, क्षणभर तसंच वाटलं.

अकोल्यात सलीमभाईंनी आधी मिठी मारली, मग टपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पत्रा मारून देतो. कायले काचेच्या भानगडीत पडता?"

"काच," मधुभाऊ म्हणाले. "बाकी काही मागत नाही. बाज साफ दिसली पाहिजे, बस."

शेजारी ग्राइंडर किंचाळत होता. सलीमभाईंनी मान हलवली आणि आम्हाला जेवायला पिटाळलं.

परत आलो तर काच बसलेली. सलीमभाई नवरदेवाच्या बापासारखे गाडीपाशी उभे. आम्ही आत शिरून वर पाहिलं. काच दुधी होती. उजेड येत होता, दिसत काहीच नव्हतं.

"तुमी म्हणले बाज दिसली पाहिजे," सलीमभाई खुशीत सांगू लागले. "म्या म्हटलं भाऊच्या तोंडून उलटं निघालं असन. बाई मानूस झोपन आत, अन् आजूबाजूच्या गच्चीवरून लोक पाहतीन? आता कोनाच्या बापाले बाज दिसत नाही!"

मधुभाऊ खाली बाजेवर बसले. हळूच म्हणाले, "सलीमभाई, ही बाज नाही हो. वरची. आभायातली. बुढीची बाज."

मला लहानपण आठवलं. पुस्तकातले सप्तर्षी ते हेच. चार तारे म्हणजे बाजेचे चार खुर, मागचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. बुढी रात्रभर जागी असते, म्हणून चोरांना बाज नेता येत नाही.

"लगन झाल्यापासून आमी उन्हाळाभर गच्चीवर झोपलो," मधुभाऊ काचेकडे पाहत म्हणाले. "चोर मोजल्याबिगर तिले झोप येत नसे. आता जिना चढता येत नाही. मंग म्या म्हटलं, गच्चीच खाली आणू."

म्हणजे आडवी गाडी, उत्तरेकडचं तोंड, बंद दिव्याचा आनंद, सगळं यासाठी होतं. काश्मीर नव्हतंच कधी. मी उगाच छत्रीच्या काड्या सरळ करत बसलो.

सलीमभाई आधी भांडले. "मंग आभायातली म्हनाची ना! बाज म्हटल्यावर मानूस काय समजन?" मग म्हणाले, "आमची दादी बी सांगे. चार खुर, तीन चोर." आणि पाना घेऊन स्वतःच टपावर चढले. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा टपावर जाड, स्वच्छ, पारदर्शक काच होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर मला बडनेरा स्टेशनवर पाहुण्यांना आणायला जायचं होतं आणि स्कूटर नेहमीसारखी अडकलेली. गल्लीतला दिवा बंद होता. मी हाक मारायला गाडीजवळ गेलो. मधुभाऊ गाडीच्या पायरीवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. आतून वहिनींचा आवाज येत होता.

"चार खुर हायेत. तीन चोर बी हायेत. पण अवो, बाज तं रिकामी दिसून राहिली. बुढी कोठी गेली?"

"खाली उतरली ना बाप्पा," मधुभाऊ म्हणाले. "माह्या गाडीत येऊन झोपली."

वहिनी हसल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मंग बाज कोण राखते?"

"मी हाव ना जागा."

मी तसाच मागे फिरलो आणि कोपऱ्यावर जाऊन ऑटो पकडला.