सुंभातला सूर्य

चैत्रातला तो दिवस असा, की माडाची झावळी हलेल तर शपथ. वारा साफ पडलेला, आभाळ तव्यासारखं तापलेलं. काजूच्या बोंडांचा आंबूस वास तेवढा अंगणात जागा होता.

अशा दिवशी गंगारामआबांनी नातीला म्हशीचं दावं दिलं. तिथंच चुकलं.

नात सुनीती बेंगळूरला सूर्याचा अभ्यास करत होती. (खोलीत बसून सूर्याचा अभ्यास कसा करतात, हे आबांनी विचारलं नाही, शिकलेल्यांना फार छळू नये.) तिथल्या कॉम्प्युटरवर नंबर लागायला वेळ होता, म्हणून तिनं सुट्टीत अंगणातच सूर्य मांडला. माडांमध्ये सुंभांचा हा गुंता, आणि त्यावर आरशाचे तुकडे.

"सूर्यावर चुंबकाचे असेच दोर असतात, आबा. त्यांतून लाटा धावतात. दोर दिसत नाहीत, उजेड थरथरतो तेवढा दिसतो. त्यावरून लाट ओळखायची."

"आणि वळखून काय करतंत?"

"लिहितात."

"बरां," आबा म्हणाले.

एक सुंभ कमी पडला. आबांनी दावं सोडून दिलं आणि म्हशीला गवताच्या उंच रचलेल्या कुडीमागे, हाताला लागलं त्या लोंबत्या सुंभाच्या टोकानं बांधलं. सुनीतीनं ते दावं नेमकं सुरंगीच्या झाडाला बांधलं. सुरंगीवर जागेचा राखणदार देवचार राहतो, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. आबांना ओरडायचं होतं. पण नातीचा हिरमोड करायला जीभ उचलली नाही.

उन्हं कलली. दोघं पडवीत चहा पीत होती. एकाएकी भिंतीवरचे आरशांचे कवडसे थरथरले.

आबांची बशी कलंडली. "बाय गो, वारो नाय. कोण हलयता?"

"कोणीच नाही!" सुनीती टाळ्या पिटत उठली. "आबा, ही लाट मी सोडलेलीच नाही! बघा, थांबली... परत आली!"

ती खदाखदा हसत होती. आबांनी ते हसू ओळखलं. देवचार धरतो तेव्हा माणूस आधी हसतं. एकुलती नात! हिला काही झालं तर मुलाला तोंड कसं दाखवणार?

आबांनी नारळ उचलला आणि सुरंगीपुढे गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! चेडवान चूक केल्यान ती पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणायला कोणीच नव्हतं, म्हणून तेही आबांनीच म्हटलं.

"एक कोंबो देतंय, म्हाराजा!"

सुंभ जोरात हलले.

"दोन देतंय!"

आरसे खणखणले.

"दुभती म्हस घे, पण माझ्या चेडवाक सोड!"

काडकन् आवाज झाला. सगळा गुंता उसळून कुडीमागे नाहीसा झाला. भिंत काळी. आबा सपशेल आडवे.

सुनीती कुडीमागे धावली. "आबा, म्हैस कुठाय?"

तिथं नुसतं शेण.

"नेल्यान!" आबांनी हंबरडा फोडला. (इतक्या तातडीनं त्यांचा अर्ज आजवर कोणी मंजूर केला नव्हता.)

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या राधाबाईंचं डोकं वर आलं. गाऱ्हाणं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं.

"आबानू, तुमचो देवचार सूर्य गळ्यात घालून माझी लाल भाजी चरता हा. भाजी गेली ती गेली, येवन तेचा दूध तरी काढा!"